थोरली मागून वळते

तीर्थरूप काकांना भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द मी सवयीने लिहिलेला नाही. गेले तीन दिवस मी दिवसातून चार-पाच वेळा खरोखर पालथा पडतोय. आठही अंगं जमिनीला टेकतात, कपाळाला ग्रीस लागतं, फक्त समोर तुमच्या पायांऐवजी थोरलीचा मागचा अ‍ॅक्सल असतो. त्यातला एखादा नमस्कार तुमच्यापर्यंत पोचला असं समजावं.)

गुडघा कसा आहे? काकूंची पाठ? दादा बरा असेलच, तो कधी बरा नसतो? मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप ट्रॅक्टरच्या जुन्या सीटवर होते, आणि रंग उजळला की काळवंडला हे अंघोळ झाल्याशिवाय सांगता येणार नाही. हे पत्र मात्र गच्चीवर जाऊन एकट्याने वाचा. काकूंनी विचारलं कुणाचं, तर विमा कंपनीचं म्हणा, विम्याच्या कागदाला त्या हात लावत नाहीत. दादाला तर अजिबातच दाखवू नका, कारण त्याला विम्यातलंही सगळं कळतं. फोन का नाही केला म्हणाल, तर केला होता, दोनदा. दोन्ही वेळा काकूंनी उचलला, दोन्ही वेळा स्पीकरवर टाकला, आणि मागून दादाने विचारलं, “पोचवली का गाडी?” मी “आवाज येत नाहीये” म्हणून ठेवून दिला. शिवाय सोबत दोन कागद पाठवायचेत, ते फोनमधून जात नाहीत.

तर पहिली गोष्ट, थोरली अजून विकली गेलेली नाही. श्वास सोडा. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, पण ती मी क्रमानेच सांगणार. (शाळेत गणिताचं उत्तर बरोबर यायचं पण पायऱ्या लिहिलेल्या नसायच्या म्हणून मार्क कापायचे. त्याचा मी इतका धसका घेतला की आता नुसत्या पायऱ्याच असतात, उत्तर सापडत नाही. ती माझी तिसरी शाळा. चौथ्या शाळेत एक मास्तर गणिताऐवजी शिट्टी वाजवायला शिकवायचे, पण तिथे ते टिकले नाहीत आणि त्यांच्या मागोमाग मीही.)

पहिली पायरी तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. गेल्या महिन्यात तुम्ही थोरली बाहेर काढलीत आणि भर सकाळी, सरळ रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना दातांच्या डॉक्टरांची पाटी आडवी केलीत. पाटीही तुम्हीच रंगवलेली. त्यातली ती हसरी दाढ मला फार आवडायची. मग घरी बैठक बसली. दादाने खुर्ची पुढे ओढली, ऑफिसात ओढतो तशी, आणि म्हणाला, “बाबा, राग मानू नका, पण आता हात राहिले नाहीत तुमचे.” काकूंनी लगेच री ओढली, “मी वर्षभर सांगतेय! यांच्या शेजारी बसलं की पोटात ढवळतं. सरळ रस्त्यावरसुद्धा नागमोडी चालवतात.” मी दारात उभा राहून शेंगदाणे खात होतो, म्हणजे बैठकीला माझीही हजेरी होती. मला वाटलं आता तुम्ही दोघांनाही झाडणार. ज्या माणसाने चाळीस वर्षं फूटपट्टी न लावता दुकानांच्या पाट्यांवर रेघा मारल्या, ज्याच्या रेघेशी लोक सुतारकाम ताडून बघायचे, त्याला म्हणे हात नाहीत! पण तुम्ही तुमच्या उजव्या हाताकडे पाहिलंत, जरा वेळ पाहिलंत, आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवलीत. दादाने पुढे केलेल्या कागदावर सही केलीत. दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे फळीवर चढले, ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळले गेले, आणि औषधाच्या दुकानाची पाटी “औषधां” इथवर येऊन व्हरांड्यात उभी राहिली. काका, गाडी गेली याचं मला एवढं वाटलं नाही. गाड्या काय, येतात जातात. पण तुम्हीच त्या हातावरचा विश्वास काढून घेतलात, ते बघवलं नाही.

थोरली पोचवायला माझी निवड झाली, कारण घरात रिकामा माणूस एकच होता. चारशे किलोमीटरवरच्या एका रोपवाटिकावाल्याने फोटो बघून गाडी पसंत केली होती. (मुलगी दाखवताना एवढं तरी बघतात की ती सरळ चालते का. यांनी तेही नाही.) दादा म्हणाला, “भिंगरी, दोन दिवसांत पोचव आणि बसने परत ये.” त्यातलं “परत ये” जरा हळू आवाजात होतं. तुम्ही फाटकापाशी उभे होतात आणि थोरलीकडे पाठ करून कुंडीतली पिवळी पानं खुडत होतात. त्या कुंडीत तेव्हा एकही पिवळं पान नव्हतं, हे मी आरशात पाहिलं.

आता दुसरी पायरी. गाव सोडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि मला शिंक आली. शिंक संपली तेव्हा मी शेजारच्या पट्ट्यात होतो. वाटलं, असेल, शिंक मोठी होती. मग कानामागे खाजवलं, तर थोरली डावीकडे झेपावली. स्टेअरिंगवरच्या हाताने नाही हो, दुसऱ्या हाताने खाजवत होतो, स्टेअरिंगवरचा हात नुसता त्याची सोबत करत होता! बोटभर फिरवलं तर हातभर वळायची, परत आणायला जावं तर तिकडे हातभर, आणि मधल्या मध्ये अख्खी गाडी कंबर हलवायची. मागून येणारा एक ट्रकवाला पुढे गेला आणि जाताना हाताने जी खूण केली तिचा अर्थ मी इथे लिहीत नाही, पण त्यात तुमच्याबद्दल काही नव्हतं, सगळं माझ्याबद्दल होतं. मधे मी एका होडीवर दोन महिने होतो ना (तुम्हाला तिथून चित्राचं कार्ड पाठवलं होतं, मासा असलेलं), तिथला तांडेल म्हणायचा, सुकाणूला सांगायचं नसतं, नुसतं सुचवायचं असतं. मी थोरलीला सुचवणंही बंद केलं. नुसतं मनात आणायचो. तरी ती ऐकायची.

चाळीसेक किलोमीटर मी स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हटलं, वारा असेल, झोप कमी झाली असेल, बरेच दिवस स्टेअरिंगला हात लागला नाही म्हणून असेल. आणि मग एका वळणावर डोक्यात उजेड पडला. (माझ्या डोक्यात उजेड वळणावरच पडतो, सरळ रस्त्यावर मला काही सुचत नाही.) काकूंचं वाक्य आठवलं, “सरळ रस्त्यावरसुद्धा नागमोडी.” अहो, मी पण नागमोडीच चाललोय की! मी चोवीस वर्षांचा आहे, माझ्या हातांत दुसरं काही नसलं तरी कंप नाही. मग एक तर माझेही हात अडुसष्ट वर्षांचे झालेत, नाही तर दोष हातांचा नाहीच. मी गाडी कडेला घेतली. म्हणजे कडेला घ्यावी असं मनात आणलं आणि ती गेली. उतरलो, थोरलीच्या बॉनेटवर हात ठेवला, आणि ठरवलं की हिला काय झालंय ते कळल्याशिवाय हिला कुणाच्याही हवाली करायचं नाही. हिचं दुखणं सापडलं तर तुमचं दुखणं पळालं. इतकं सोपं वाटलं तेव्हा.

पहिला भेटला तो टायरवाला. चौरस्त्यावर टायरांची उतरंड रचून त्याच्या टोकावर बसलेला, खाली उतरायची इच्छा नसलेला माणूस. मी गाडीची सगळी कहाणी सांगितली, तुमच्यापासून दाढेपर्यंत. त्याने ती जांभई देत ऐकली, मग नाइलाजाने उतरला आणि पुढच्या टायरला एक लाथ घातली. पाय उसळून परत आला. “टायर आहेत का दगड?” म्हणाला. काटा लावून हवा मोजली, तर दारावरच्या पट्टीवर जेवढी लिहिलीय तिच्या जवळजवळ दीडपट! “कोण शहाणा भरतो हो एवढी?” काका, “ताठ टायर, ताठ गाडी” हे वाक्य मी लहानपणापासून कुणाच्या तोंडून ऐकलंय ते मी त्याला सांगितलं नाही. सायकलचा नियम आहे तो, आणि सायकलपुरता उत्तम आहे. मोठ्या गाडीला जास्त हवा भरली की टायरचा मधला भागच तेवढा रस्त्याला टेकतो, मग ती बोटाच्या इशाऱ्यावर नाचते आणि प्रत्येक खड्ड्याची बातमी स्टेअरिंगला कळवते. त्याने हवा सोडली. थोरलीने सुस्कारा टाकला, काकू लग्नाहून येऊन चपला काढतात तेव्हा टाकतात तसा. आणि खरंच फरक पडला! शिंकून पाहिलं (खोटी शिंक), पट्टा बदलला नाही. पण कंबर हलत होतीच.

दुसरा भेटला तो चाकं सरळ करणारा. हा मोठ्या शहरातला. काचेचं दार, बसायला सोफा, आणि तो स्वतः पांढरे हातमोजे घालून फिरत होता. हाताखालचे लोक त्याला “डॉक्टर” म्हणत होते आणि तो त्यांना दुरुस्त करत नव्हता. त्याने चारही चाकांना चकचकीत ताटल्या बांधल्या, पडद्यावर आकडे उमटले, आणि बरेचसे लाल. पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून तोंड फिरवून किंचित बाहेर बघत होती, बोलाचाली बंद झालेल्या दोन जावांना एका बाकावर बसवल्यासारखी. अशी चाकं असली की गाडीला सरळ जायचा कंटाळा येतो, जरा निमित्त मिळालं की ती बाजूला धावते. त्याने पाना फिरवून दोघींचा समेट घडवला, आकडे हिरवे झाले, आणि त्याचा छापील कागद माझ्या हातात दिला. (हे पत्र त्याच कागदांच्या पाठीवर आहे. त्याने दोन प्रती दिल्या, बरं झालं.) शहराबाहेर पडलो तेव्हा थोरली अशी सरळ चालली की मी गायला लागलो. मला गाणं एकच येतं आणि तेही अर्धंच, पण ते मी सात वेळा म्हटलं.

आठव्या वेळेला घाट लागला. उतारावर एक वळण होतं, मी वेग कमी करायला पाय उचलला, आणि गाडीचा मागचा भाग आपल्या मनाने एकीकडे सरकला. पाय दाबला तर दुसरीकडे. हात मी जिथल्या तिथे धरून ठेवले होते, देवाशपथ! पाय उचल, डावीकडे. पाय दाब, उजवीकडे. जणू मागच्या सीटवर कुणीतरी आपलं वेगळं स्टेअरिंग घेऊन बसलंय. मी दोनदा मागे वळून पाहिलंसुद्धा. कोणी नव्हतं, तुमची रंगाने माखलेली शिडीची दोरी होती फक्त. खाली उतरल्यावर डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आकडे हिरवे आहेत. मी म्हटलं, आकडे हिरवे आहेत पण मी पांढरा पडलोय. तर ते शांतपणे म्हणाले, “मग तुमचे हात बघा.”

काका, तेच वाक्य! घाटाच्या अलीकडेही तेच आणि पलीकडेही तेच. माणसाला गाडीतलं काही कळेनासं झालं की तो हाताकडे बोट दाखवतो, एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत, निदान मी गेलो त्या पाचांत तरी नाही. मी इतका तापलो की चहा मागवला आणि तोंड पोळून घेतलं. त्या चहावाल्यानेच सांगितलं, दगडाच्या खाणीजवळ एक मावशी आहेत, ट्रक-ट्रॅक्टर बघतात, लहान गाडीला हात लावत नाहीत, पण विचारून बघा.

मावशी तुमच्याच वयाच्या असतील. चष्म्याची एक काडी तारेची आहे, आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा, आणि त्यांच्याहून म्हातारे ट्रकवालेही त्यांना मावशीच म्हणतात. गेलो तेव्हा त्या एका ट्रॅक्टरला ओरडत होत्या. (ट्रॅक्टरवाल्याला नाही, ट्रॅक्टरलाच.) मी म्हटलं, मावशी, गाडीचं स्टेअरिंग फार तरतरीत आहे आणि चाल बिघडलीय. मी तयारीतच होतो की आता या हात बघायला मागणार. तर त्यांनी हाताचं नावच काढलं नाही.

“पाय उचलला की कुठे जाते?”

“डावीकडे.”

“आणि दाबला की?”

“उजवीकडे.”

“मग तुम्ही सगळे पुढे काय बघत बसलात रे? दुखतंय मागे आणि औषध लावताय नाकाला.”

त्यांनी खिशातून खडू काढला, खाली शिरल्या, मागच्या अ‍ॅक्सलला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांवर आणि त्यांच्या शेजारी सांगाड्यावर समोरासमोर रेघा ओढल्या. मला म्हणाल्या, मैदानात दोन गिरक्या मारून ये, जरा दाबून, जरा सोडून. आलो. पुन्हा खाली शिरल्या. मग मला खाली झोपवलं आणि त्यांचा तो पिंपाचा आवाज आला, “बघ.” खडूच्या समोरासमोरच्या रेघांमध्ये काडेपेटीएवढं अंतर पडलं होतं. म्हणजे गाडी वळताना अख्खा मागचा अ‍ॅक्सल आपल्या जागेवरून सरकत होता, आणि मागची चाकं आपल्या मताने दिशा ठरवत होती! पुढे स्टेअरिंग, मागे अ‍ॅक्सल, एका गाडीला दोन सुकाणू. दांड्यांच्या टोकांना धातूच्या कडीत रबराचे जाड गोळे बसवलेले असतात, बुश म्हणतात त्यांना, त्यांनी अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवायचं असतं. मावशींनी ते ठोकून बाहेर काढले. काका, ते हातात येताच चुरगळले. खरवसासारखे... नाही, त्याहून वाईट, भिजलेल्या खोडरबरासारखे. मावशींनी वास घेतला, बोटांनी दाबले आणि म्हणाल्या, “हे कुणी घातलं? रबर आहे का उशी?”

आणि तिथे, पालथा पडल्या पडल्या, मला दीड वर्षापूर्वीचा तुमचा वाढदिवस आठवला.

तुम्हालाही आठवला ना? काकू म्हणत होत्या, मागच्या सीटवर बसलं की पाठ मोडते, गाडी फार कडक आहे. दादाने आठवडाभर फोनमध्ये डोकं खुपसून वाचलं, आणि जगात कुठेतरी “अतिमऊ, आरामदायी” बुश मिळतात ते शोधून काढून मागवले. कुठल्या गाडीसाठी आहेत ते पाहिलं नाही, मऊ आहेत एवढं पाहिलं. स्वतः उभं राहून बसवून घेतले, आणि किल्लीला लाल फीत बांधून तुम्हाला भेट दिले. तुम्ही किती खूश झालात! काकू मागे बसून म्हणाल्या, “कशी लोण्यासारखी चालते!” चालणारच, अ‍ॅक्सल लोण्यातच ठेवला होता! त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ते “नागमोडी” सुरू झालं. म्हणजे बघा, बैठकीत ज्याने तुमच्या हातांचा निकाल लावला तो दादा, आणि जिने साक्ष दिली ती काकू, दोघांनी मिळूनच थोरलीला मागचं सुकाणू बसवून दिलं होतं. प्रेमाने दिलं, हे खरंय, म्हणूनच कुणाला संशय आला नाही. तुमचंही बोट थोडं आहे यात, ते हवेपुरतं. पण दीड वर्ष तुम्ही दोन सुकाणूंची गाडी एका सुकाणूने चालवलीत, आणि एकच पाटी पाडलीत! मी मावशींना हे सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाल्या, “त्या माणसाचे हात मला एकदा बघायचेत.”

नवे कडक बुश यायला दोन दिवस लागले. तेव्हापासून मी इथेच आहे, नट-बोल्ट डिझेलमध्ये धुतो, पाने आकाराप्रमाणे लावतो, आणि सहा महिन्यांत प्रथमच कुठे निघून जावंसं वाटलेलं नाही. (हे माझ्या आईला सांगू नका, ती लगेच मला इथे कायमचा ठेवायचं बघेल.) काल बुश बसले. खाणीच्या मागे एक लांबच लांब रस्ता आहे. मावशी शेजारी बसल्या. पाय उचलला, सरळ. दाबला, सरळ. वळणावर वळली, वळण संपल्यावर आपणहून शांत झाली. मग मावशी म्हणाल्या, सोड हात. मी हात मांडीवर ठेवले आणि थोरली गेली, काका, तुम्ही भिंतीवर एका दमात मारता त्या रेघेसारखी गेली. मी गाडी थांबवून जरा वेळ बाहेर बघत बसलो. मावशींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. खाणीचा एक फायदा असतो, ही थाप खपते.

मावशींनी लेखी द्यावं असा मी हट्ट धरला. त्यांना लिहायचा कंटाळा, पण ट्रॅक्टरच्या पावतीपुस्तकाच्या पानावर त्यांनी दिलंय: “मागील बुश चुकीचे व पूर्ण खराब. पुढील टायरात हवा जादा होती. चालकाचा दोष नाही.” खाली सही आणि तेलाचा अंगठा. पहिला जोडलेला कागद तो. “चालकाचा” या शब्दाखाली रेघ मी मारली आहे, म्हणून ती वाकडी आहे.

आता एकच गोष्ट राहिली आणि ती अवघड आहे. गाडी वेळेवर पोचली नाही म्हणून रोपवाटिकावाला स्वतःच बसने इथे येऊन थडकला. मला वाटलं भांडेल, भांडण झालं की व्यवहार मोडेल, मी मनातून तयारही झालो होतो. पण माणूस चांगला निघाला, हीच पंचाईत. त्याने एक चक्कर मारली आणि थोरलीच्या प्रेमात पडला. फोटो बघून घेणार होता तो आता जीव टाकून घेणार म्हणतो. कालपासून त्याने स्टेअरिंग सोडलेलं नाही, डबासुद्धा आत बसून खाल्ला. म्हणजे मी तिचं दुखणं शोधून तिचं लग्नच पक्कं केलं! नशिबाने कागदाने दगा दिला. तुम्ही बैठकीत सही केलेला तो फॉर्म त्याने माझ्याकडून घेऊन इथल्या गाड्यांच्या नोंदणी ऑफिसात दिला, तर तिथल्या बाईंनी जुन्या नोंदीतली तुमची सही काढून शेजारी ठेवली. जुनी, छापल्यासारखी. नवी, शाईत पडलेल्या गांडुळासारखी. त्या म्हणाल्या, या दोन सह्या एका माणसाच्या नाहीत, नवीन फॉर्म आणा. तो कोरा फॉर्म हा दुसरा जोडलेला कागद.

तरी कृपया खुणेच्या जागी नीट सही करून फॉर्म उलट टपालाने लवकरात लवकर पाठवावा, ही नम्र विनंती. काकूंना नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितले आहेत म्हणून सांगा. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर ते कागद तिरका असल्यामुळे.

तुमचा,
भिंगरी

ता. क. ‒ वरचा सहीचा परिच्छेद लिहिताना रोपवाटिकावाला माझ्या खांद्यावरून वाचत होता. आता तो चहा प्यायला गेलाय. सही करू नका! आणि काकूंसमोर नाही म्हणायची हिंमत होत नसेल (माझीही होत नाही, आपल्या घराण्यातच नाही ती), तर करा, पण वाकडी करा. सगळे म्हणतात ना हात थरथरतो, मग थरथरू द्या चांगला. ऑफिसातल्या बाई पुन्हा परत पाठवतील. एका खेपेला पंधरा दिवस जातात, तोवर मी थोरलीला घेऊन घरी येतो.

ता. क. दोन ‒ वरचं खोडलं असं समजा. मी त्या दिवशी दारातून सगळं पाहिलं होतं. तो हात म्हातारपणाने थरथरला नव्हता, मनाविरुद्ध सही करताना थरथरला होता. तशी सही मुद्दाम करता येत नाही, आणि तुम्ही करूही नये. त्यापेक्षा सहीच्या चौकटीत तुमच्या अक्षरात एकच शब्द लिहा, “नाही”. चौकट लहान आहे, पण काडेपेटीवर दुकानाची अख्खी पाटी लिहून दाखवणाऱ्याला मी काय सांगायचं? आधी तो फॉर्म काकूंना दाखवा, शेजारी मावशींची चिठ्ठी ठेवा, मग दादाला बोलवा. खुर्ची या वेळी तुम्ही पुढे ओढा. उत्तर आलं की मी निघतो, पण परतीला गाडी तुम्ही चालवायची. अर्ध्या वाटेपर्यंत बसने या, स्टेअरिंग मी तिथे तुमच्या हातात देतो.

ता. क. तीन ‒ रोपवाटिकावाला चहा पिऊन आला आणि त्याने हे सगळं वाचलं. वाईट वाटलं त्याला, पण म्हणाला, वडीलधाऱ्या माणसाची गाडी नको, दुसरी अशीच बघून द्या. माझ्या फोनमध्ये दादाच्या गाडीचे फोटो होते. त्याला रंग फार आवडला. तेव्हा सहज म्हणून, जेवताना वगैरे, काकूंच्या कानावर घालून ठेवा की हल्ली दादाच्या शेजारी बसलं की तुमच्या पोटात ढवळतं.